सर्व्हिसिंगनंतर ब्रेक आपोआप धरतो आणि थंड झाल्यावर सुटतो: नेमकं कुठे बघायचं

तुमची अडचण थोडक्यात अशी. दीडशे सीसीची मोटरसायकल, पुढे-मागे डिस्क ब्रेक. सर्व्हिसिंगमध्ये पुढचे पॅड बदलले, ब्रेक ऑइल वरपर्यंत भरलं, मागचं चाक काढून चेन ताणली. घरी येईपर्यंत गाडी ठीक होती. दुसऱ्या दिवशी लांब निघालात तर वीसेक किलोमीटरनंतर ती जड वाटायला लागली, ॲक्सिलरेटर पिळूनही वेग येईना. सिग्नलला थांबलात आणि पुढचं चाक जागचं हलेना. अर्धा तास बाजूला उभी केली तर ब्रेक आपोआप मोकळा झाला. मेकॅनिक म्हणतो, ‘पॅड नवे आहेत, बसतील हळूहळू.’ त्याचं म्हणणं बरोबर आहे का आणि नसेल तर त्याला काय तपासायला सांगायचं, हे तुम्हाला हवं आहे.

बरोबर नाही. नवे पॅड पहिले दोन-तीनशे किलोमीटर थोडे घासतात, आवाज करतात, ब्रेक कधी कमी लागतो कधी एकदम जास्त. एवढं चालतं. पण थंड असताना मोकळा, तापला की जाम, थंड झाला की पुन्हा मोकळा, असा खेळ पॅड करत नाहीत. लिव्हर सोडल्यावर ब्रेक ऑइलला परत टाकीत जायची वाट उरली नाही, की असं होतं. हा दोष चालवून चालवून जात नाही, वाढतो. तो सापडेपर्यंत गाडी चालवू नका. मागचं चाक लॉक झालं तर गाडी घसरत का होईना, काही क्षण सावरता येते. पुढचं लॉक झालं तर तेवढाही वेळ मिळत नाही.

आता ही परतीची वाट म्हणजे काय, ते नीट समजून घ्या, कारण पुढची सगळी तपासणी त्यावरच उभी आहे.

हँडलवरच्या ऑइलच्या टाकीखाली मास्टर सिलेंडर असतो. टाकीच्या तळाला त्यात उतरणारी दोन भोकं असतात, एक मोठं आणि एक इतकं बारीक की सहज नजरेला पडत नाही. सिलेंडरच्या आत पिस्टनवर रबरी कप असतो. लिव्हर पूर्ण सुटलेली असताना हा कप बारीक भोकाच्या किंचित मागे उभा असतो, म्हणजे भोक उघडं असतं आणि कॅलिपरपासून, म्हणजे चाकापाशी डिस्कवर पॅड दाबणाऱ्या भागापासून, टाकीपर्यंत ऑइलचा रस्ता मोकळा असतो. लिव्हर दाबायला लागलात की पहिल्या मिलिमीटर-दीड मिलिमीटरात कप पुढे सरकून ते भोक झाकतो आणि तिथून पुढे दाब तयार होतो. सोडलीत की कप मागे येतो, भोक उघडतं, दाब टाकीत विरतो.

ब्रेक वापरला की कॅलिपर तापतं, त्यातलं ऑइल फुगतं. हे फुगलेलं जादा ऑइल त्या बारीक भोकातूनच वर जायला हवं. समजा लिव्हर सुटूनही कप अर्धा मिलिमीटर पुढेच राहिला, किंवा भोकात कचरा बसला, तर ऑइल खालीच अडकतं. द्रव दाबून लहान होत नाही, मग ते कॅलिपरचे पिस्टन बाहेर ढकलतं. पॅड डिस्कला टेकतात, घर्षणाने आणखी उष्णता होते, ऑइल आणखी फुगतं, पॅड आणखी आवळतात. सुरुवातीला तुम्हाला फक्त गाडी जड वाटते. हे चक्र एकदा फिरायला लागलं की शेवटच्या दोन-तीन किलोमीटरांत सगळं फार झपाट्याने होतं. थंड झाल्यावर ऑइल आकसतं आणि ब्रेक सुटतो. गॅरेजमध्ये गाडी नेईपर्यंत ती थंड झालेली असते, मेकॅनिक चाक फिरवून बघतो, चाक छान फिरतं. ‘काही नाही झालेलं,’ असं तो म्हणतो तेव्हा खोटं बोलत नसतो. त्याने चुकीच्या वेळी बघितलेलं असतं.

आणखी एक गोष्ट इथेच सांगून ठेवतो. जाम व्हायला लागलेला ब्रेक सोडवायला बरेच जण लिव्हर पटापट दाबतात-सोडतात. असं करू नका. लिव्हर मागे येताना कपाच्या कडेवरून टाकीतलं थोडं ऑइल पुढे येऊ शकतं, पण बारीक भोक बंद असल्यामुळे परत जाऊ शकत नाही. प्रत्येक दाबाला तुम्ही आत थोडं जास्तीचं ऑइल कोंडत जाता.

तर सर्व्हिसिंगनंतरच हे का झालं? तुमच्या गाडीवर झालेली दोन कामं, पॅड बदलणं आणि ऑइल भरणं, हीच माझ्या दृष्टीने पहिली संशयित आहेत.

पॅड झिजतात तसे कॅलिपरचे पिस्टन बाहेर येत राहतात आणि त्यांच्यामागची जागा ऑइलने भरते. म्हणून टाकीतली पातळी उतरते. ऑइल गळालं किंवा संपलं असा त्याचा अर्थ नसतो, ते खाली गेलेलं असतं. मध्येच कोणीतरी पातळी बघून वरची रेघ गाठून देतं. पुढे पॅड बदलताना पिस्टन आत ढकलले की तेवढं सगळं ऑइल वर येतं आणि टाकी काठोकाठ होते. टाकीच्या झाकणाखाली घड्यांचं रबर असतं, त्या घड्या ऑइलला फुगायला-उतरायला जागा देतात. टाकी वरपर्यंत भरली की ते रबर झाकणाला चेपून बसतं आणि फुगायला जागाच राहत नाही. मग बारीक भोक उघडं असूनही उपयोग होत नाही. तुमच्याकडे पॅडही नवे आहेत आणि ऑइलही ‘वरपर्यंत’ भरलंय. सगळ्यात आधी हँडल सरळ करून, टाकी आडवी सपाट ठेवून पातळी बघा. काच किंवा अर्धपारदर्शक टाकी असेल तर वरच्या रेघेच्या वर ऑइल असता कामा नये. जास्त असेल तर स्वच्छ सिरिंजने काढून टाका. एवढ्याने काम झालं तर नशीब.

दुसरी शक्यता जरा किचकट आहे, आणि गाडी चार-पाच वर्षांची असेल, ऑइल कधीच बदललं नसेल तर मी तिच्यावरच पैज लावेन. जुनं ऑइल काळपट होतं. त्यात हवेतलं पाणी मुरलेलं असतं, रबराची झीज असते, गंजाचा बारीक गाळ असतो, आणि यातला बराचसा कॅलिपरमध्ये, म्हणजे सगळ्यात खाली, साचतो. ब्लीड निपल, म्हणजे ऑइल बाहेर काढायचा कॅलिपरवरचा छोटा स्क्रू, बंद ठेवून पिस्टन जोराने आत ढकलले की हा गाळ उलट्या दिशेने वर चढतो आणि मास्टर सिलेंडरमध्ये जातो. त्या बारीक भोकाला अडवायला एक कण पुरतो. योग्य पद्धत अशी: पिस्टनची बाहेर आलेली कड आधी साफ करायची, निपलला नळी लावून ते उघडायचं, पिस्टन आत ढकलताना घाण ऑइल नळीतून बाहेर जाऊ द्यायचं, निपल बंद करायचं आणि वरून ताजं ऑइल भरायचं. यात दहा मिनिटं जास्त जातात, म्हणून गर्दीच्या दिवशी ते होत नाही.

तिसरी शक्यता रबर फुगण्याची. ब्रेकचे कप आणि सील बहुतेक ईपीडीएम जातीच्या रबराचे असतात. ग्लायकॉलवर आधारलेलं डॉट ३, डॉट ४ किंवा डॉट ५.१ ऑइल या रबराला मानवतं. पेट्रोल, डिझेल, रॉकेल, इंजिन ऑइल, साधं ग्रीस यातलं काहीही लागलं की ते रबर स्पंजासारखं फुगतं. कप फुगला की तो सिलेंडरमध्ये आवळतो, मागे पूर्ण येत नाही आणि भोक झाकून बसतो. पेट्रोलमध्ये ब्रशने धुतलेला मास्टर सिलेंडर, इंजिन ऑइलच्या कॅनमधून वापरलेलं नरसाळं, एवढंही पुरतं. झाकणाखालचं रबर काढून बघा. ते ताणल्यासारखं, मऊ, लिबलिबीत झालं असेल, पुन्हा आपल्या खाचेत नीट बसत नसेल, तर चुकीचा द्रव आत गेलाय हे जवळजवळ नक्की. अशा वेळी फक्त ऑइल बदलून भागत नाही. मास्टर सिलेंडरचं किट, कॅलिपरचे सील, होज म्हणजे ऑइलची रबरी नळी, सगळं रबर बदलावं लागतं आणि धातूचे भाग धुऊन काढावे लागतात. खर्चिक आहे, पण यात मधला मार्ग नाही.

आणि चौथी, जिच्याकडे सगळ्यात कमी लक्ष जातं, ती म्हणजे लिव्हर. सर्व्हिसिंगमध्ये लिव्हर बदलली का, हँडगार्ड बसवले का, आठवून बघा. लिव्हरचा जो भाग पिस्टनला ढकलतो तो मूळ मापापेक्षा किंचित लांब असेल, तर लिव्हर सोडलेली असतानाही पिस्टन थोडा आत दाबलेला राहतो. बाजारातल्या फोल्डिंग आणि आखूड लिव्हरमध्ये हे मी वारंवार पाहिलंय. लिव्हरच्या टोकाला बोट लावून हलवा. पिस्टनला टेकण्याआधी तिची थोडी मोकळी चाल हाताला जाणवली पाहिजे. अजिबात चाल नसेल तर बाकी काही उघडण्याआधी हेच सुधारा. लिव्हरचा बोल्ट जास्त आवळल्यामुळे, किंवा तिथे ग्रीस नसल्यामुळे ती अडकून राहते, तेही बघा. ब्रेक लाइट ही फुकटातली खूण आहे. लिव्हर पूर्ण सोडूनही मागचा लाल दिवा पेटलेला राहत असेल, तर लिव्हर पूर्ण परत आलेली नाही.

बारीक भोक उघडं आहे का हे बघायची जुनी रीत अजूनही सगळ्यात चांगली. टाकीभोवती ओलं फडकं गुंडाळा, कारण ब्रेक ऑइल रंग खातं. डोळ्यांवर चष्मा लावा. झाकण आणि रबर काढा आणि लिव्हर अगदी हळू, थोडीशीच दाबा. दाबायला सुरुवात होताच ऑइलच्या पृष्ठभागावर तळातून एक छोटा उमाळा किंवा तरंग उठला पाहिजे. उठला तर भोक उघडं आहे. काहीच हललं नाही तर ते झाकलेलं आहे किंवा बुजलेलं आहे. लिव्हर एकदम दाबलीत तर पिचकारी उडेल, म्हणून ‘हळू’ हा शब्द विसरू नका. आणि भोक बुजलेलं निघालं तर त्यात सुई घालून मोठं करू नका. त्याची कड खरवडली गेली की दर वेळी वरून जाणारा कप कापला जातो. सिलेंडर उघडून साफ करायचा.

आता मेकॅनिकला सांगायची गोष्ट. ही तपासणी ब्रेक जाम असतानाच करायची, आणि वरून खाली याच क्रमाने. गाडी स्टँडवर घेऊन पुढचं चाक उचला. चाक मोकळं असेल तर वीस-पंचवीस वेळा लिव्हर पूर्ण दाबून सोडा आणि अधूनमधून चाक फिरवून बघा. दोष वाटेचा असेल तर चाक हळूहळू जड होत जाईल, रस्त्यावर न्यायची गरज पडणार नाही. जड झालं की:

आधी लिव्हरचा बोल्ट काढून लिव्हरच बाजूला करा. चाक सुटलं तर दोष लिव्हरच्या मापात किंवा तिच्या अडकण्यात, पुढे काही उघडू नका.

नाही सुटलं तर मास्टर सिलेंडरला होज जिथे जोडलेला असतो तो बॅन्जो बोल्ट, खाली फडकं धरून, थोडा सैल करा. ऑइल फुसकन बाहेर आलं आणि चाक सुटलं, तर दाब मास्टर सिलेंडरने अडवून ठेवला होता. भोक, कप किंवा पिस्टनची परतीची स्प्रिंग, यांपैकी काहीतरी.

तिथेही नाही सुटलं तर खाली कॅलिपरचं ब्लीड निपल उघडा. इथे सुटलं, म्हणजे वरून मोकळं केलं तरी खाली दाब होता, तर मधला होज दोषी. रबरी होज बाहेरून नवाकोरा दिसतो, आत मात्र त्याचा थर सुटून पडद्यासारखा लोंबतो. हाताच्या जोराने ऑइल खाली जातं, पण आपल्या आपण परत येत नाही. कॅलिपर काढून होजवर लटकत सोडलं, किंवा होज पिळून बसवला, तर जुना होज असा सर्व्हिसिंगनंतरच दगा देतो. एबीएस (चाक लॉक होऊ न देणारी यंत्रणा) असेल तर मध्ये त्याचा व्हॉल्व्हचा डबा येतो, म्हणून तिथल्या जोडावरही हीच परीक्षा करावी लागते, आणि ती कंपनीचं स्कॅन टूल असलेल्यानेच करावी.

निपल उघडूनही चाक जड राहिलं तर प्रश्न दाबाचा नाहीच, यांत्रिक आहे. कॅलिपर, पॅड किंवा चाकाची बसवणी.

एवढी चार पावलं आहेत. मास्टर सिलेंडरचं किट टाका, नाही जमलं तर कॅलिपर बदला, नाही जमलं तर डिस्क, असे अंदाज बांधत तीन वेळा पैसे घालवण्यापेक्षा अर्ध्या तासात दोष कोणत्या तुकड्यात आहे ते कळतं. बॅन्जो बोल्ट उघडला तर त्याचे तांब्याचे किंवा ॲल्युमिनियमचे वायसर नवे टाका, आणि शेवटी पूर्ण ब्लीडिंग करा, म्हणजे आत शिरलेली हवा निपलमधून काढून टाका.

यांत्रिक कारणांबद्दल थोडं. तुमच्या लक्षणांवरून मला ती कमी संभवनीय वाटतात, कारण त्यांत ब्रेक थंड असतानाही थोडा घासतो. पिस्टनभोवतीचं चौकोनी सील ब्रेक दाबताना किंचित पिळतं आणि सोडल्यावर सरळ होताना पिस्टनला मागे ओढतं. मागे ओढणारी दुसरी कुठलीही स्प्रिंग तिथे नसते. पिस्टनवर चिखलाची खरपूड असताना तो तसाच आत ढकलला, तर सील हे काम करू शकत नाही. सरकत्या कॅलिपरच्या पिना कोरड्या पडल्या किंवा त्यांना साधं ग्रीस लावून रबर फुगलं, तर कॅलिपर सरकत नाही आणि एका बाजूचा पॅड दुसऱ्यापेक्षा फार लवकर झिजतो. पॅडची पत्र्याची क्लिप उलटी बसलेली असते. कधी पुढचा एक्सल घट्ट करताना फोर्क (पुढचं चाक धरणारे दांडे) आपल्या जागी बसू न देता खालचा पिंच बोल्ट आवळलेला असतो, त्यामुळे फोर्क एका बाजूला ओढलेला राहतो आणि कॅलिपर डिस्कला तिरकं धरतं. एक्सल बसवल्यावर पिंच बोल्ट सैल ठेवून फोर्क तीन-चार वेळा दाबायचा आणि मग आवळायचं, एवढीच गोष्ट असते.

मागच्या ब्रेकचं म्हणाल तर तुमचं मागचं चाकही निघालं होतं, म्हणून तेही बघून घ्या. मागच्या मास्टर सिलेंडरला पेडलकडून दांडी येते. पेडलची उंची मनासारखी करायला ती दांडी फिरवून लांब केली, तर लिव्हरचाच प्रकार इथे होतो. पेडलला सुरुवातीची थोडी ढिली चाल हवीच. कॅलिपरचा ब्रॅकेट स्विंगआर्मच्या (मागचं चाक धरणाऱ्या दांड्याच्या) खाचेत नीट बसलाय ना, एक्सलवरचे दोन्ही बुश आपापल्या बाजूला आहेत ना, हे डोळ्यांनी बघता येतं. बुश उलटे बसले की एक्सल आवळताच चाक जड होतं.

ड्रम ब्रेकवाल्यांसाठी एक गोष्ट स्वतंत्रपणे सांगायलाच हवी, कारण ती या सगळ्यांत जास्त घातक आहे. ड्रमच्या आतले शू ज्या प्लेटवर बसतात ती प्लेट चाकाबरोबर फिरू नये म्हणून तिला मागे एका पट्टीने स्विंगआर्मशी बांधलेलं असतं, आणि पुढे फोर्कचा उंचवटा प्लेटच्या खाचेत अडकलेला असतो. चाक काढून बसवताना ती पट्टी बोल्टने जोडायची राहिली, नट लावला पण त्याची पिन राहिली, किंवा पुढे उंचवटा खाचेत न बसवताच एक्सल आवळला, तर सावकाश चालवताना काही कळत नाही. पहिल्यांदा जोरात ब्रेक लावला की अख्खी प्लेट चाकाबरोबर गरकन फिरते, दांडी किंवा केबल ओढली जाते आणि चाक एका क्षणात लॉक होतं. ड्रमचं चाक उघडलं असेल तर गॅरेजमधून निघण्याआधी खाली वाकून ही पट्टी आणि हा उंचवटा स्वतः बघा. बाकीचं सोडा, हे सोडू नका.

ड्रममधली इतर कारणं साधी आहेत. मागचा ब्रेक गाडी मेन स्टँडवर, चाक लटकलेलं असताना फार आवळून सेट केला, की माणूस बसून सस्पेन्शन दबल्यावर दांडीचं अंतर बदलतं आणि काही गाड्यांत ब्रेक आणखी ओढला जातो. पेडलला साधारण दोन-तीन सेंटिमीटर मोकळी चाल ठेवायची आणि गाडीवर बसून पुन्हा तपासायची. शूंना फाकवणारा कॅम कोरडा पडला तर परत येत नाही. लायनर अगदी संपेपर्यंत नट आवळत राहिलं तर कॅम इतका फिरतो की तो आडवा अडकून बसतो, म्हणून प्लेटवरच्या झिजेच्या खुणेचा बाण बघायचा. नव्या शूची पुढची कड धारदार असेल तर ब्रेक हळूवार न लागता एकदम पकडतो. ड्रमच्या फिरण्याने पुढचा शू आपण होऊन ड्रमवर ओढला जातो, आणि धारदार कडेने ही ओढ फार वाढते. कड कानशीने तिरकी घासून घेतली की शांत होतो. डावी लिव्हर दाबल्यावर दोन्ही ब्रेक लागणाऱ्या स्कूटरमध्ये जोडकेबल जास्त ताणली गेली तर पुढचा ब्रेक कायम घासत राहतो.

चाक जाम झालं म्हणजे ब्रेकच, असंही नाही. मागचं चाक ब्रेकला हात-पाय न लावता अचानक थांबलं तर क्लच दाबून बघा. क्लच दाबताच चाक सुटलं तर ब्रेकचा संबंध नाही, इंजिन धरलंय. फार ताणलेली चेन माणूस बसल्यावर चाकाला आवळते, फार सैल चेन दात सोडून अडकते. आणि एबीएसच्या गाडीत चाक काढल्यावर सेन्सरची तार किंवा अंतर बिघडलं, तर एबीएसचा दिवा गाडी सुटल्यावरही पेटलेला राहतो. तेव्हा ब्रेक चालतो, पण एबीएस नसतं. एबीएसची सवय झालेला चालक नेहमीसारखा जोर देतो आणि चाक लॉक होतं. त्यात ब्रेकचा दोष नसतो, तो दिवा बघायचा राहिलेला असतो.

पुन्हा रस्त्यावर असं झालंच तर. गाडी जड वाटली, जळका वास आला, ॲक्सिलरेटर सोडताच वेग नेहमीपेक्षा पटकन पडला, की पुढे रेटू नका. तो ब्रेक अजिबात न वापरता, दुसऱ्या ब्रेकच्या मदतीने, गाडी उभी आणि सरळ ठेवून कडेला घ्या. डिस्कला हात लावू नका. पाण्याचे दोन थेंब टाकून बघा, चर्र झाले तर ती शंभर अंशांच्या वर आहे. बाटलीभर पाणी मात्र ओतू नका, तापलेली डिस्क वाकडी होऊ शकते. थंड होऊ द्या. निपलचा पाना जवळ असेल, बहुतेक गाड्यांना आठचा लागतो, आणि गाडी रहदारीच्या मध्ये अडकली असेल, तर निपलवर फडकं धरून पाव फेरा उघडा, दाब सुटला की लगेच बंद करा. तोंड आणि डोळे बाजूला ठेवा, ऑइल गरम असतं. चाक सुटेल आणि गाडी ढकलता येईल. पण ती गॅरेजपर्यंत टेम्पोने न्या. दोष जसाच्या तसा आहे, फक्त दाब गेलाय.

हा ब्रेक एकदा इतका तापला असेल तर मूळ दोष काढल्यावरही काही गोष्टी बदलाव्या लागतील. ऑइल पूर्ण बदला, फक्त टाकीतलं नाही, नळीतून स्वच्छ रंग येईपर्यंत सगळं. डॉट ४ ऑइलचा उत्कलनबिंदू ताजं असताना किमान २३० अंश सेल्सियस असतो. पाणी मुरल्यावर तो १५५ पर्यंत उतरलेला चालतो असं मानक आहे, आणि जुन्या ऑइलचा त्याहूनही खाली जाऊ शकतो. तापून उकळलेल्या ऑइलमध्ये वाफ होते, आणि मग उलटाच प्रकार होतो, लिव्हर मुठीला टेकते आणि ब्रेक लागतच नाही. झाकणावर जो डॉट क्रमांक लिहिलाय तोच वापरा. डॉट ५ हा सिलिकॉनचा असतो, तो डॉट ४ मध्ये मिसळायचा नाही. नाव सारखं असलं तरी डॉट ५.१ वेगळा, तो ग्लायकॉलचाच.

नव्या पॅडचा घासणारा पृष्ठभाग चकचकीत काचेसारखा झाला असेल, किंवा लायनिंग पत्र्यापासून सुटायला लागलं असेल, तर ते नवे म्हणून ठेवू नका. डिस्क निळसर-जांभळी झाली असेल तर जाडी आणि वाकडेपणा मोजून घ्या. कॅलिपरच्या पिस्टनवरची धूळरोधक रबरं कडक झाली असतील तर सीलही त्याच वेळी बदला.

काम झाल्यावर गाडी लगेच ताब्यात घेऊ नका. पंधरा-वीस मिनिटं नेहमीच्या रहदारीत, नेहमीसारखे ब्रेक लावत चालवून आणायला सांगा, किंवा स्वतः आणा. परत आल्या आल्या, गरम असतानाच, पुढचं चाक उचलून हाताने फिरवा. पॅड थोडे घासल्याचा आवाज येईल, पण एका झटक्यात चाकाने एक पूर्ण फेरा सहज घेतला पाहिजे. निघताना थंड असताना जसं फिरलं होतं त्यापेक्षा आता ते स्पष्ट जड असेल, तर गाडी तिथेच ठेवा आणि चार पावलं पहिल्यापासून करायला सांगा.